लाल वही, अठरा मैल

न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवे आणि बारावा रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर भर डिसेंबरात माणसं हातमोजे काढून उभी होती. हातमोजे घालून पानं उलटत नाहीत, हे तिथे गेल्यावर कळतं. लाल छज्ज्याखाली चाकांच्या गाड्या, त्यात स्वस्तातली जुनी पुस्तकं खच्चून भरलेली. एके काळी आपल्याकडे मुंबईत फोर्टच्या पदपथांवर असायची तशीच. माझे पाय तिथेच रेंगाळले. भाचीला मात्र घाई होती. तिला आत जायचं होतं, आणि आतल्या एवढ्या पसाऱ्यातला एकच कप्पा हवा होता. कादंबऱ्या, लेखकाचं आडनाव 'एस'वरून.

"सॅलिंजर," ती म्हणाली. "मावशी, वही तिथेच होती."

भाची सतरा वर्षांची, जर्सी सिटीत वाढलेली. मराठी सगळं समजतं, बोलताना नामं मराठी आणि क्रियापदं इंग्रजी. मी सुटीत तिच्या आईकडे राहायला गेले होते. पहिल्याच रात्री तिने जाहीर केलं की 'डॅश अँड लिली' ही मालिका न पाहता मला स्ट्रँडमध्ये, त्या पुस्तकांच्या दुकानात, नेणार नाही. आठ भाग, प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटांचे. दोन रात्रींत उरकले. तिसऱ्या दिवशी पाथ रेल्वेने चौदाव्या रस्त्याला उतरून युनियन स्क्वेअरच्या नाताळ बाजारातून वाट काढत आम्ही त्या दुकानापाशी आलो. तोवर मी मालिकेची चाहती झाले होते, असं नाही. पण काही प्रश्न मनात घोळायला लागले होते.

गोष्ट अशी. डॅश नावाचा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा. नाताळ म्हटलं की याच्या कपाळावर आठी. आईवडील विभक्त. हा आईला सांगतो की सुटीत बाबांकडे आहे, बाबांना सांगतो की आईकडे आहे, आणि मॅनहॅटनमधल्या घरात एकटाच राहतो. एका संध्याकाळी याच स्ट्रँडमध्ये त्याला सॅलिंजरच्या पुस्तकाशेजारी एक लाल वही सापडते. वहीत कोडी असतात आणि त्यांची उत्तरं याच दुकानातल्या इतर पुस्तकांमध्ये. अमक्या पुस्तकाचं अमकं पान, अमकी ओळ, अमका शब्द. शब्द गोळा करत गेलं की वाक्य बनतं, आणि वाक्य बनलं की कळतं, कुणीतरी विचारतंय, खेळतोस का? वही ठेवणारी लिली. ही उलट नाताळवेडी. स्वतःचे कपडे स्वतः शिवते, चौकात उभी राहून नाताळची गाणी म्हणते आणि समवयस्क पोरांत हिला कुणी धरत नाही. पुढे वही शहरभर फिरते. हा तिला एक आव्हान देतो, ती त्याला. गर्दीची भीती असलेल्या लिलीला तो पाठवतो हनुकाच्या सणातल्या एका दणदणाटी गाण्याच्या कार्यक्रमाला. माणसांचाच कंटाळा असलेल्या डॅशला ती पाठवते जपानी बायकांमध्ये बसून मोची वळायला. दोघं एकमेकांना ओळखतात ते अक्षरावरून. चेहरा ठाऊक नाही, फोन नंबर नाही.

मोचीचा तो प्रसंग पाहताना मी हसत सुटले. मोची म्हणजे चिकट तांदूळ शिजवून, कुटून केलेला गोळा, जपानी नववर्षाचा पदार्थ. गरम असतानाच वळावा लागतो, हाताला चटके बसतात आणि पीठ न लावता हात घातला की बोटांना चिकटून बसतो. मोदकाची उकड पहिल्यांदा मळणाऱ्या कुठल्याही मुलाची जी गत होते तीच डॅशची. शेजारच्या बायकांच्या हातून एकसारखे गोल गोळे पडतायत आणि याच्या हातात लगदा. सगळा वर्ग सराईत आणि आपणच अडाणी, हा अनुभव त्या पुस्तकी पोराला बहुधा पहिल्यांदाच येतो.

मालिका ज्या कादंबरीवर बेतलेली, ती २०१० सालची. रेचेल कोन आणि डेव्हिड लेव्हिथन या दोघांनी मिळून लिहिलेली. तिच्याआधी २००६ साली त्यांनी 'निक अँड नोराज इन्फिनिट प्लेलिस्ट' अशीच जोडीने लिहिली होती. एकाने एक प्रकरण लिहून ईमेलने पाठवायचं, ते वाचून दुसऱ्याने पुढचं. कथानक आधी ठरवायचं नाही. मुलगा त्याच्याकडे, मुलगी हिच्याकडे. म्हणजे लाल वहीचा खेळ हे दोघं लेखक आधीच खेळत होते, डॅश आणि लिली नंतर आले. नावांतही गंमत आहे. अमेरिकी रहस्यकथाकार डॅशिएल हॅमेट आणि नाटककार लिलियन हेलमन, ही विसाव्या शतकातली गाजलेली जोडी. त्यांना जवळचे लोक डॅश आणि लिली म्हणत. हॅमेटच्या १९३४ साली प्रकाशित झालेल्या 'द थिन मॅन'मधलं जोडपं निक आणि नोरा, आणि ती कादंबरी घडते न्यूयॉर्कमध्ये, नाताळच्याच दिवसांत. एका हॅमेटभोवतीची नावं दोन कादंबऱ्यांना पुरली. वाचणाऱ्याला हे कळलं नाही तरी काही अडत नाही, कळलं तर गालात हसू येतं. पुस्तकवेड्यांनी पुस्तकवेड्यांसाठी लिहिलेलं, ते असं.

मालिका नेटफ्लिक्सवर आली १० नोव्हेंबर २०२० रोजी. चित्रीकरण झालं होतं २०१९च्या शरद ऋतूत, म्हणजे कोविडच्या आधी. या तारखा महत्त्वाच्या आहेत. मालिकेत ग्रँड सेंट्रल स्टेशनात माणूस माणसाला घासून चालतो. ब्रुकलिनच्या डायकर हाइट्समधली दिव्यांनी लखलखलेली घरं बघायला झुंबड उडते. आणि हे सगळं लोकांनी पाहिलं ते घरात कोंडून घेऊन, तोंडाला मुखपट्टी लावायच्या दिवसांत. अवघ्या एका वर्षापूर्वीचं शहर पडद्यावर जुन्या काळासारखं दिसत होतं.

त्याच वेळी खरी स्ट्रँड गटांगळ्या खात होती.

हे दुकान १९२७ साली बेंजामिन बास यांनी चौथ्या ॲव्हेन्यूवर काढलं. लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरून नाव घेतलं. तेव्हा तो सगळा पट्टा 'बुक रो' म्हणून ओळखला जायचा, सहा गल्ल्यांत अठ्ठेचाळीस दुकानं. आज त्यांतलं एवढं एकच उरलंय. बेंजामिनचा मुलगा फ्रेड याने ते १९५०च्या दशकात ब्रॉडवेवर आणलं आणि आयुष्यभर तिथेच जुनी पुस्तकं विकत घेत बसला. घरं रिकामी करणारे, पुस्तकांच्या पेट्या घेऊन येणारे, त्यांच्याशी भाव करणारा फ्रेड. १९९६ साली त्याने ती इमारतच विकत घेतली, ८२ लाख डॉलरना. दुकान अजून टिकलंय त्याचं मुख्य कारण वाचनसंस्कृती वगैरे नाही, हे खरेदीखत आहे. भाड्याच्या जागेत असतं तर बाकीच्या सत्तेचाळिसांच्या रांगेत कधीच जाऊन बसलं असतं.

'अठरा मैल पुस्तकं' हे त्यांचं ब्रीद. पूर्वी आठ मैल होते, माल वाढत गेला तसे मैलही वाढले. पंचवीस लाखांच्या घरात पुस्तकं. तिसऱ्या मजल्यावर दुर्मीळ ग्रंथांची खोली. नोकरी मागायला आलेल्याला इथे कागदावर छोटी परीक्षा द्यावी लागे. एकीकडे लेखक, दुसरीकडे पुस्तकं, जोड्या लावा, आणि त्यात एखादा प्रश्न मुद्दाम फसवा. ही फ्रेडचीच कल्पना. आणि याच दुकानात १९८६पासून फुटाच्या मापाने पुस्तकं मिळतात. दिवाणखाना सजवायचाय, चित्रपटाचा सेट लावायचाय, तर सांगा किती फूट आणि कुठल्या रंगाची. मी हे ऐकून नाक मुरडलं खरं. मग आठवलं, आपल्याकडेही काचेच्या कपाटात कुलूप लावून ठेवलेले ज्ञानकोशाचे संच मापावरच घेतलेले असतात.

तर २०२० साल. शहर बंद, पर्यटक नाहीत. २३ ऑक्टोबरला फ्रेडची मुलगी आणि आताची मालकीण नॅन्सी बास वायडन हिने ट्विटरवर जाहीर आवाहन केलं. विक्री जवळजवळ सत्तर टक्क्यांनी घटलीय, हातातला पैसा संपत आलाय, मदत करा. त्या शनिवार-रविवारी पंचवीस हजार ऑनलाइन ऑर्डरी आल्या. संकेतस्थळ कोसळलं. दुकानाबाहेर कोपऱ्याला वळसा घालून रांग लागली. अडीच आठवड्यांनी मालिका आली आणि जगभरच्या पोरापोरींना स्ट्रँड हे नाव ठाऊक झालं. त्या लाल वहीसाठी दुकानाने पैसे मोजले असते तरी याहून चांगली वेळ साधली नसती.

आता मालिकेतल्या मंडळींकडे येते. भाचीच्या जिव्हाळ्याचा भाग तोच आहे.

कादंबरीत लिलीचं घराणं जपानी नाही. मालिकेत केलं. मिडोरी फ्रान्सिस ही लिली, तिचा आजोबा जेम्स सायतो, तिचा भाऊ लँगस्टन झालेला ट्रॉय इवाटा, ऐटबाज मावशीआजी जोडी लाँग. या जोडीबाईंना या भूमिकेसाठी २०२१ साली डेटाइम एमी पुरस्कार मिळाला. लँगस्टनचा प्रियकर बेनी लॅटिनो. डॅशचा पिझ्झाच्या दुकानात काम करणारा मित्र बूमर आणि डॅशचीच पूर्वीची मैत्रीण सोफिया, दोघंही गोरे नाहीत. आणि यातल्या कुणालाही आपण कोण आहोत यावर भाषण द्यावं लागत नाही. लँगस्टनचं प्रेम जुळतं, बिनसतं, ते कुणाही कॉलेजकुमाराचं बिनसावं तसं. आजोबा कडक आहेत ते आजोबा असल्यामुळे. लिलीच्या घरी नाताळ हाच मुख्य सण आहे आणि मोचीही आहे, आणि दोन्हींत भांडण नाही.

हे सहज वाटतं, पण सहज झालेलं नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून मोजणी करतंय. त्या पहिल्या वर्षी अमेरिकेत निघालेल्या सुमारे अडीच हजार मुलांच्या पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तकं भरली अठरा. २०१४ साली एका मोठ्या पुस्तक महोत्सवात बालसाहित्यिकांच्या कार्यक्रमासाठी सगळे गोरे पुरुषच बोलावले, तेव्हा एलन ओ आणि मलिंडा लो या लेखिकांनी पुढाकार घेऊन 'वी नीड डायव्हर्स बुक्स' ही मोहीम उभी केली. नाताळच्या प्रेमपटांचा कारखाना म्हणजे हॉलमार्क वाहिनी. तिने २०१९च्या डिसेंबरात दोन नवऱ्या मुली चुंबन घेतात म्हणून एक जाहिरात काढून टाकली आणि चहूबाजूंनी टीका झाल्यावर निर्णय फिरवला. पुढच्याच वर्षी तिच्या नाताळपटात समलिंगी जोडपं मध्यवर्ती भूमिकेत आलं. 'डॅश अँड लिली' याच वळणावरची.

मी भाचीला विचारलं, तुला यातलं नेमकं काय भावलं? मला वाटलं, लिलीच्या आशियाई असण्याबद्दल काही बोलेल. ती म्हणाली, "लिली विअर्ड आहे ना, आणि ते ओके आहे." शाळेत एका मुलाने लिलीला सगळ्यांदेखत विचित्र म्हटलेलं असतं, ते तिच्या मनात रुतून बसलेलं असतं. तेवढंच भाचीने उचललं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तिची फॅमिली सगळीकडे मध्ये मध्ये करते. आपल्यासारखी." म्हणजे सोळा-सतरा वर्षांच्या मुलीने रात्री बाहेर जायचं म्हटलं की आजोबा, भाऊ, मावशीआजी अशी अख्खी समिती बसते. डॅशला विचारणारं कुणीच नाही. तिच्या हिशेबी खरी परकी संस्कृती डॅशची होती.

माझी तक्रार वेगळी. चेहरे नाना तऱ्हेचे, खिसा मात्र एकच. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा मॅनहॅटनच्या प्रशस्त घरात एकटा राहतो, टॅक्सीने फिरतो, मनात येईल तशी पुस्तकं उचलतो. भाड्याचा विषय निघत नाही. पिझ्झाच्या दुकानात राबणारा बूमर आहे, पण त्याचं काम म्हणजे वही पोचवणं आणि मित्राला धीर देणं. कादंबरीत लिलीचा नात्यातला एक भाऊ स्ट्रँडमध्येच नोकरीला आहे, तोही या दोघांच्या खेळातला प्यादाच. ज्या दुकानात प्रेम जमतं त्या दुकानात आठ तास उभं राहून पुस्तकं लावणारा माणूस या गोष्टीत कधी प्रेमात पडत नाही.

आणि स्ट्रँडमधली ही माणसं गप्प बसणारी नाहीत. त्यांची संघटना जुनी आहे, मोटार कामगारांच्या मोठ्या संघटनेशी जोडलेली. २०२०च्या उन्हाळ्यात कामगारकपात झाली तेव्हा खटके उडाले. डिसेंबर २०२४ मध्ये, ऐन नाताळच्या हंगामात, शंभराच्या वर कर्मचारी पगारवाढीसाठी संपावर गेले. शहरातलं किमान वेतन तेव्हा तासाला १६ डॉलर होतं. त्याच्या आसपास कमावून न्यूयॉर्कमध्ये भाडं कसं भरायचं, हा साधा प्रश्न होता. दुकानाच्या दृष्टीने वर्षातले सगळ्यांत कमाईचे दिवस, म्हणून संपाच्या दृष्टीनेही तेच योग्य. काही दिवसांत तडजोड झाली. आम्ही गेलो तेव्हा संप मिटलेला होता आणि लाल छज्ज्याखाली पुन्हा गर्दी होती. मालकिणीची बाजूही आहेच. ऑनलाइन विक्रेत्यांशी सामना, आणि त्यात २०१९ साली तिच्या विरोधाला न जुमानता शहराने ही इमारत वारसा वास्तू ठरवली, म्हणजे खिडकी बदलायची तरी परवानगी. पण शिडीवर चढून वरच्या फळीवरचं पुस्तक काढून देणाऱ्या पोरीकडे बघताना माझं मन मालकिणीच्या हिशेबात रमलं नाही.

मुंबईकर वाचकाला एव्हाना दुसरी स्ट्रँड आठवली असेल. तिचा न्यूयॉर्कच्या दुकानाशी संबंध नव्हता. टी. एन. शानभाग यांनी १९४८ साली कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमागृहात एका कोपऱ्यात पुस्तकं मांडली, म्हणून स्ट्रँड बुक स्टॉल. पुढे ते फोर्टात गेलं. चोखंदळ निवड आणि भरघोस सवलत ही त्याची ख्याती. शानभागांना पद्मश्री मिळाली. तिथल्या दाटीवाटीच्या माळ्यावर उभ्याने पुस्तकं वाचून संपवल्याचं पाप माझ्याही नावावर आहे. तिथे हवं ते पुस्तक मिळायचंच, पण त्याच्या शेजारचं, ज्याचं नावही ऐकलेलं नसायचं, तेही बरोबर घरी यायचं. फ्रेड बास २०१८च्या जानेवारीत वारले. मुंबईची स्ट्रँड त्याच वर्षी फेब्रुवारीत बंद झाली.

लाल वहीची सगळी गोष्ट उभी आहे ती या शेजारच्या पुस्तकावर. डॅश सॅलिंजर शोधायला गेला आणि त्याला वही सापडली. फोनवर शोधून मागवलं असतं तर दुसऱ्या दिवशी दारात खोकं आलं असतं, आत नेमकं तेच एक पुस्तक. माझ्या पिढीने हे दुकानांत नाही तरी वाचनालयांत केलंय. परत करायच्या कादंबरीत ठेवलेली चिठ्ठी, ठरावीक पानावर पेन्सिलीने केलेली खूण, आणि नोंदवही बघून 'हे पुस्तक आत्ताच कोण घेऊन गेलं' एवढं सांगणारा, सगळं माहीत असून चेहरा कोरा ठेवणारा ग्रंथपाल. किती लग्नं त्याच्या मौनावर जमली असतील! त्याच्यावर कुणी कथा लिहिली असेल तर माझ्या वाचनात नाही.

सॅलिंजरच्या कप्प्यापाशी भाचीने 'फ्रॅनी अँड झूई'च्या दोन्ही बाजू पाहिल्या, मागे हात घालून पाहिलं. वही नव्हती. असणारही नव्हती, आणि तिलाही ते माहीत होतं. तरी चेहरा पडला. मग तिने तेच पुस्तक उचललं आणि जाता जाता शेजारच्या फळीवरून आणखी एक, लेखक कोण ते न बघता, मुखपृष्ठ आवडलं म्हणून. मालिकेचं एकच पर्व आलं, २०२१च्या ऑक्टोबरात नेटफ्लिक्सने ती पुढे न नेण्याचं ठरवलं. कादंबऱ्या मात्र तीन आहेत, तिसरी लंडनमध्ये घडते. ती तिने आधीच वाचलेली होती.

काउंटरवरच्या मुलाने पुस्तकं हातात घेतली, वरचं बघून भुवई उंचावली आणि तिला म्हणाला, हे छान आहे, पण पहिली पन्नास पानं धीर धर. भाची लाजली. पुढे अख्ख्या पाथ प्रवासात तिने सॅलिंजर उघडलाच नाही, ते दुसरंच पुस्तक वाचत होती.

नाताळची प्रेमकथा हा अमेरिकेत एक अख्खा हंगामी उद्योग आहे. आपल्याकडेही सणाचं वाचन जुनं आहे. का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला तो १९०९ साली. पण दिवाळीच्या सुटीत सोळा-सतरा वर्षांची दोन मुलं प्रेमात पडतात, एवढीच साधी गोष्ट असलेली कथा आपल्या अंकांत मला क्वचितच भेटली. आमच्या दिवाळीकथेत मुलगा परदेशातून येतो, आई म्हातारी झालेली असते, चकल्या मऊ पडतात. त्याही असू द्यात. पण पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात ऐन हंगामात अंकांचे गठ्ठे सोडणारा, बारावीला असलेला मुलगा आणि रोज काहीतरी निमित्त काढून तिथे येणारी मुलगी, अशी गोष्ट कुणी लिहील का? मुलगी कुठल्याही जातीधर्माची, कुठल्याही वस्तीतली चालेल. मुलगा मात्र काउंटरच्या मागचाच हवा. संपादक कथा मागवतात जून-जुलैत. तोवर लिहून ठेवायला हरकत नाही.